दुसऱ्या वाचकाचं नाव

प्रिय धाकट्या,

कसा आहेस वगैरे विचारत नाही. तू घरी बसला आहेस, दिवसभर खिडकीपाशी खुर्ची ओढून बाहेर बघतोस आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात, हे मला तुझ्या बायकोने सांगितलंय. बुधवारी तिचा फोन आला होता. तुझ्या नकळत केला होता, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. कंपनीने तुला चौकशी संपेपर्यंत घरी राहायला सांगितलंय, आतली माहिती तू बाहेर दिलीस असा संशय आहे, पुरावा काय ते मात्र तुला दाखवत नाहीत. तिला वाटलं मला हे सगळं नवीन असेल. मला एक दिवस आधीच कळलं होतं. मंगळवारी तुझ्या कंपनीचं रजिस्टर पत्र माझ्या दारात आलं.

दोन पानांचं पत्र, खाली कायदा विभागातल्या बाईंची सही. भाषा इतकी गोड की वाचून चूळ भरावीशी वाटली. विचारलंय एवढंच: आमच्या चिपसाठी तुम्ही जो ड्रायव्हर प्रोग्राम लिहिलात, त्यात आमच्याकडे नोकरीला असलेल्या तुमच्या भावाची मदत झाली का? सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्या, नाहीतर हातात आहे त्या पुराव्यावरून निर्णय होईल. निर्णय म्हणजे तुझी नोकरी जाणार, आणि असा डाग लागलेल्या माणसाला तुमच्या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. आज रविवार आहे. हे पत्र मी उद्या सकाळी कामावर जाताना स्वतः येऊन तुझ्या पेटीत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही.

आता बस आणि पूर्ण वाच. तुला वाचायचा कंटाळा आहे, हे मला अलीकडे फार चांगलं कळलंय.

ठेंगणी तुला आठवते का रे? नाही, नाव आठवत असेल. मी विचारतेय ती आठवते का. सतरा वर्षांपूर्वी बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेलं यंत्र तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलंस आणि आईला पोळपाट ठेवायला जागा उरली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतास. परीक्षा गेली खड्ड्यात, म्हणालास, मी आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणार, तीही एका फ्लॉपीत मावेल एवढी. मी आडवी होते तेवढीच उभी, म्हणून मला चिडवायला तिचं नाव ठेंगणी ठेवलंस. बटण दाबलं की चार सेकंदात सुरू. ना कसली जाहिरात, ना आगाऊ प्रश्न, ना अर्ध्या कामात ‘थांबा, मी स्वतःला सुधारतेय’. समोर कोरं पान यायचं आणि तुम्ही लिहायला लागायचं. मी तेव्हा इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात नुकती लागले होते. दिवसभर केसपेपर तपासून डोळे असे तयार झाले होते की चुकलेला स्वल्पविरामसुद्धा मला लांबून दिसायचा. तू लिहायचास, मी वाचायचे. प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलं नाही. तुझ्या चुका काढता काढता आलं.

आणि नियम. तो तरी आठवतो का? एकदा तू मला न दाखवता घाईघाईत एक बदल आत ढकललास. त्याच दुपारी बाबांनी यंत्र लावलं आणि त्यांच्या नव्वद पानांच्या आठवणी, वर्षभर दोन बोटांनी बडवून टाइप केलेल्या, साफ पुसल्या गेल्या. त्यांनी झाकण लावलं, चष्मा खिशात घातला आणि फिरायला गेले. पुन्हा कधी लिहायला बसले नाहीत. त्या रात्री तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी भिंतीवर, आईच्या देखत, मार्करने लिहिलंस: दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय एकही ओळ आत जाणार नाही. पुढे ठेंगणी चार लोकांच्या हातात गेली तेव्हा हाच नियम आपण इंटरनेटवरच्या आपल्या पानावर सगळ्यात वर टाकला. प्रत्येक बदलाखाली दोन नावं: लिहिणारा कोण, वाचणारा कोण. आपल्याकडे ना पैसा होता, ना माणसं. ही दोन नावं होती, आणि लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला.

लोक म्हणजे किती, तर तीनशेच्या आसपास. मोठ्यांच्या हिशेबात चिल्लर. पण त्यातला एकेक माणूस असा की ठेंगणीवाचून त्याचं पान हलत नाही. चष्मेवाले काका घे. चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे नंबर, कुणाचा डावा डोळा कधीपासून अधू, कुणाला कुठली फ्रेम नाकावर टोचते, सगळं ठेंगणीत. दर रविवारी फोन करतात. आधी यंत्राची तब्येत सांगतात, मग स्वतःची. तुझीही चौकशी करतात. मी सांगते, मजेत आहे.

सहा वर्षांपूर्वी तू चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलास. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. जाताना मला एक पेन ड्राइव्ह दिलास. त्यात तुझ्या नावाची चावी होती, म्हणजे ती फाइल जिच्याशिवाय आपल्या पानावर तुझं नाव उमटत नाही. ठेव, म्हणालास, काही लागलं तर. मी ती सुयांच्या डबीत ठेवली. मग तू येणं कमी केलंस, मग फोन कमी केलेस, मग ठेंगणीचा विषय निघाला की मुलांच्या शाळेचं काढायला लागलास. मी म्हटलं, चालायचंच, नवी नोकरी आहे. हळूहळू समजलं की तू आपल्या हाताने लावलेलं झाड माझ्या दारात ठेवून निघून गेला होतास आणि पाण्याचं विचारलेलंही तुला आता नको होतं.

खरी पंचाईत पुढे झाली. जुनी यंत्रं एकेक करून मरायला लागली. माझ्या खोलीत ये आणि बघ, टेबलावर सहा यंत्रं पोट फाडून ठेवली आहेत, एकाचं काढून दुसऱ्याला लावते. पण त्यालाही अंत आहे. नवं यंत्र घ्यावं तर बाजारातल्या दर दुसऱ्या यंत्रात डिस्क सांभाळायला तुमचीच चिप. ठेंगणी चार सेकंदात उठायची आणि डिस्क कुठे आहे म्हणून विचारत बसायची. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एकेका भागाशी बोलणारा दुभाषा, असं तू आईला समजावलं होतंस. तुमच्या चिपची भाषा कुठेच छापलेली नाही. कंपनी देत नाही. मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. काकांच्या दुकानातलं यंत्र तोवर दिवसातून दोनदा बंद पडायला लागलं होतं.

आणि ज्याला ती भाषा तोंडपाठ होती तो माझा सख्खा भाऊ, बसने पाऊण तासावर.

तुझ्या मोठीच्या वाढदिवसाची संध्याकाळ आठव. पाहुणे गेले, तू भांडी घासत होतास आणि मी पुसत होते. लहानपणी असायचो तसे उभे होतो, तू डावीकडे, मी उजवीकडे. मी म्हणाले, चिप जागी होते, पण दिलेली आज्ञा गिळून टाकते, काय करावं समजत नाही. बाकी काही विचारलं नाही. तुझा हात थांबला. तू मला म्हणालास, ताई, मी सही केलीय, तू विचारू नकोस. आणि नळ मोठा केलास. एवढा मोठा की माझ्या ब्लाउजवर शिंतोडे उडाले. पुढे मी काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही, आणि येऊ नये म्हणूनच तू तो नळ सोडला होतास. ताकास तूर लागू दिली नाहीस. सहीला जागणारा माणूस आहेस, मान्य. पण भिंतीवर लिहिलेल्या नियमाखालीही तुझी सही होती रे. तिला कोण जागणार होतं?

मग मी स्वतः बसले. सात महिने, रोज पहाटे पाच ते आठ, नंतर कामावर. आज्ञांचा क्रम बदलून बघ, आकडा बदलून बघ, थांबून बघ, न थांबता बघ. प्रत्येक प्रयोग वहीत, तारखेसह. दोन वह्या भरल्या तरी चिप ढिम्म. आंधळं दळतंय म्हणतात ना, तसं चाललं होतं, फरक इतकाच की माझं पीठ कुत्रंही खात नव्हतं. दोन डिस्का मी जाळल्या. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला तो बांधून बसायचे. रेकॉर्ड विभागात बायका विचारायच्या, आणि मी बादली उचलताना मान लचकल्याचं काहीतरी सांगायचे. आणि एका सकाळी, तिसऱ्या वहीत, चुकून तीच ओळ दोनदा उमटली. डिस्क दिसली! मी ओरडले तर शेजारीण धावत आली. घोडं इथे पेंड खात होतं: त्याच जागी तोच आकडा दोनदा लिहायचा, मधे अकरा मिलिसेकंद थांबायचं. पहिला आकडा चिप जागी होण्यात गमावते, दुसरा ऐकते. बस, इतकंच. सात महिने! तुला ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

आता तू म्हणशील, ताई, तू स्वतः शोधलंस, वह्या आहेत, मग कंपनीने माझ्यावर संशय का घ्यावा? बरोबर विचारतोस. उत्तर देताना माझी मान खाली आहे, पण ती नुसत्या लाजेने नाही, थोडा रागही आहे तिच्यात.

तू गेल्यावर पहिल्याच महिन्यात कीबोर्डची एक बारीक चूक मी दुरुस्त केली. सगळ्यांना लिहिलं की दुसरा वाचक हवा आहे, कुणीतरी पुढे या. कुणी आलं नाही. प्रत्येकाला ठेंगणी हवी, वाचायला वेळ कुणाला? शेवटी मी खरं ते लिहून बदल टाकला: लिहिणारी मी, वाचणारा कुणी नाही. तीन आठवड्यांत चार जणांनी तो आपल्या यंत्रावर घेतला. चार! काकांनीसुद्धा घेतला नाही. फोनवर म्हणाले, पोरी, तुझ्यावर अविश्वास नाही, पण तुझ्या भावाची नजर पडू दे एकदा. अकरा वर्षं त्या भावाच्या चुका कोण काढत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी मी सुयांची डबी उघडली.

तुझ्या नावाखाली फक्त ‘वाचलं, ठीक’ लिहिलं. दोन दिवसांत साठ जणांनी घेतला.

पुढे तेच. सहा वर्षांत तीनशेवर बदल, आणि प्रत्येकाखाली वाचणारा म्हणून तू. तुझ्या नावाने मी माझी खरडपट्टी काढायचे, तीही अगदी तुझ्या पद्धतीने. ‘ताई, ही ओळ तू झोपेत लिहिलीस का?’ ‘ठेंगू, एवढ्या लांब नावाची गरज आहे? तुझ्या उंचीला शोभत नाही.’ लोक खूश. धाकटा अजून तस्साच आहे, म्हणायचे. काही वेळा तुझ्या नावाने हरकत घेताना मला माझी खरी चूक सापडायची, मग मी ती दुरुस्त करून तुझे आभार मानायचे. वेड्यासारखं वाटतं ना? तेव्हा वाटत नव्हतं. घरात दोन माणसं आहेत असं वाटायचं. आणि एक गोष्ट मला आज पुराव्यानिशी ठाऊक आहे. ह्या सहा वर्षांत तू आपलं पान एकदाही उघडलं नाहीस. एकदा जरी उघडलं असतंस, तरी पहिल्याच ओळीत तुझं नाव दिसलं असतं आणि तू मला फोन करून शिव्या दिल्या असत्यास. मी त्या शिव्यांची वाट बघत होते. पहिली दोन वर्षं तर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. नंतर धावणं बंद झालं.

ड्रायव्हरही तुझ्याच नावाने आत गेला. दोनशे चौदा जणांनी घेतला. काकांनी दुकान नव्या यंत्रावर नेलं आणि मला म्हणाले, तुझ्या भावाने कमाल केली. मी म्हटलं, हो ना.

तर असा आहे तुझ्या कंपनीच्या हातातला पुरावा. खरं सांगितलं तर ठेंगणी संपली, कारण ज्या दोन नावांवर ती उभी होती त्यातलं एक खोटं निघालं. गप्प बसले तर तू संपलास. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मी गप्प बसले. घाबरून नव्हे, मुद्दाम. चार दिवस मी तुला मनात त्या नळापाशी उभं केलं आणि म्हटलं, बस आता, खिडकीतून बाहेर बघ, उत्तर नाही मिळालं की कसं वाटतं ते कळू दे. इतकी वाईट आहे मी. आई असती तर म्हणाली असती, आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि वर मला एक धपाटा घातला असता.

शुक्रवारी तुझ्या बायकोने पुन्हा फोन केला. तिने सांगितलं, चौकशीत तुला विचारलं की बहिणीने कधी ह्या चिपबद्दल काही विचारलं होतं का. तू म्हणालास, कधीच नाही, माझी ताई कुणाला काही विचारत नाही, कितीही महिने लागले तरी स्वतः बसून काढेल. मी विचारलं होतं, धाकट्या. तुला पक्कं माहीत होतं. सहीला जागणारा तू, माझ्यासाठी त्यांच्या तोंडावर खोटं बोललास, आणि तरी माझ्यासाठी एक आकडा तोंडातून काढला नव्हतास. ह्याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. त्याने राग गेला असं समजू नकोस. फक्त त्यानंतर गप्प बसवेना.

काल सकाळी तिन्ही वह्या तुझ्या कंपनीला पाठवल्या, झेरॉक्स नव्हे, मूळ. सोबत एक पान: भावाने मदत केली नाही, त्याच्या नावाने झालेली प्रत्येक सही माझ्या हातची, ह्या यंत्रावरून. आज सकाळी तेच पान सगळ्यांसाठी टाकलं. दुपारपर्यंत नव्वद जण ठेंगणी काढून मोकळे झाले. काकांचा फोन रविवारचाच आला, पण यंत्राची तब्येत सांगितली नाही. म्हणाले, मी तुझ्यावर नाही, त्याच्यावर दुकान टाकलं होतं, आणि ठेवला. तुझी नोकरी वाचेल. ठेंगणी वाचणार नाही. आभार मानायला येऊ नकोस, मला सहन होणार नाही. हे पत्र एकाच कारणासाठी. उद्या किंवा परवा कायदा विभागातल्या त्या बाई तुला कागद दाखवतील, आणि त्यात लाल रेघ मारलेलं एक वाक्य असेल, ज्यावरून त्यांना खात्री पटली होती की आतला माणूस बोललाय. ते तू परक्या टेबलावर, परक्या माणसाकडून पहिल्यांदा वाचू नयेस. त्यांना मी लिहिलंय की ते वाक्यही माझंच. का लिहिलं ते त्यांना सांगितलं नाही. जिथे तो आकडा दोनदा येतो त्या ओळीखाली, तुझ्या नावाने, मी लिहिलं होतं, ‘ताई, इथे दोनदा लिही. का ते विचारू नकोस.’ वाढदिवसाच्या संध्याकाळी, भांडी पुसताना, मी तेवढंच ऐकायला उभी होते.

तुझीच,
अजून रागावलेली
ताई